बसल्यावर उंच

सारिबुलाक, ११ ऑक्टोबर १९९३

सगळ्यांत आधी आली ती बातिमा. डॉक्टरांची गाडी अजून पुलापलीकडे चिखलात रुतलेली होती, आणि ही शेजारीण डोक्यावरचा रुमाल हातात फडकवत अंगणातूनच ओरडत आली, "सुयिन्शी! सुयिन्शी! आधी बक्षीस काढ, मग बातमी!"

मी म्हटलं, "आधी सांग, कोण आलं का कोण गेलं? गेलं असेल तर बक्षीस नाही."

"शहरातून डॉक्टर आलेत. तुझी उंची मोजायला!"

"माझी उंची मोजायला शहरातनं गाडी कशाला हवी? स्वयंपाकघरात चमचा आहे, त्यानं मोज."

तरी तिला साबणाची एक वडी दिली. शेजार टिकवायचा म्हटला की द्यावं लागतं.

ओराझखानदादा, नमस्कार राहिलाच बघा. तुमची गुरंढोरं धडधाकट आहेत ना, लेकरंबाळं बरी आहेत ना, तुमचा खोकला कसा आहे? 'दादा' हा शब्द टोचत असेल तर तुम्ही तुमच्याकडे खोडून टाका. मी लिहिणार. आता माझ्याकडे डॉक्टरीणबाईंची सही आहे. पण ते मागाहून. मला सगळं ओळीनं सांगता येत नाही. शाळेच्या दोन इयत्ता झाल्या, त्यातली एक शेणाच्या गोवऱ्या वेचण्यात गेली.

तुम्ही सप्टेंबरात इथून उठून गेलात त्याला पाच आठवडे झाले. माझ्या तुर्सिननं जिल्ह्याच्या पेपरात छापलं होतं की आईचा भाऊ दुष्काळात डोंगरापलीकडे चीनमध्ये गेला, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. आणि तुम्ही, चीनमधून परतून उर्जारला राहिलेले, खरंच आलात, जावयाला घेऊन. सून माझी, सौले, तीन दिवस पिठाचे गोळे, बाउरसाक, तळत होती. माझा गुडघा सुजलेला, म्हणून मी गादीवर बसूनच होते. तुम्ही दारातून आलात, वाकलात, माझं कपाळ हुंगलंत आणि म्हणालात, "आईचेच खांदे." तुमचे डोळे भरले होते. ते मी पाहिलंय, आता नाही म्हणू नका.

मग मेंढीचं डोकं तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही कान कापलात, आणि तो तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिलात. कान घरातल्या धाकट्याला द्यायचा. मला वाटलं आता मला देणार. सहासष्ट वर्षांच्या बाईचं तोंड लहान पोरीसारखं उघडायच्या बेतात आलं होतं हो! आणि नेमकी मी तेव्हा उठले. सौलेच्या हातातली चहाची वाडगी घ्यायला उठले. तुम्ही मला डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलंत. पाहायला फार वेळ लागला नाही, माझं डोकं आणि पाय एकमेकांच्या शेजारीच राहतात.

"आमच्यात एवढं बुटकं कुणी नाही," तुम्ही म्हणालात. मला नाही, जावयाला. मग मला विचारलंत, "तुमचं वर्ष कोणतं?"

मी छाती काढून म्हटलं, "घोड्याचं!"

तुम्ही कान ताटात ठेवलात. "माझी बहीण सशाच्या वर्षातली होती," म्हणालात. आपल्या बारा प्राण्यांच्या वर्षांत ससा आणि घोडा यांच्यात तीन वर्षांचं अंतर. चहा अर्धा राहिला. जाताना तुम्ही मला 'बाई' म्हणालात. सौले आत जाऊन रडली. मी नाही रडले, मला भांडी होती.

आता डॉक्टरांचं सांगते. दोघी होत्या. एक डॉक्टरीण बिबिनुर, चांगली उंच, आवाज पोस्टमास्तरसारखा. दुसरी दातांची, ल्युदा हेगाय, कोरियन, हळू बोलणारी. दुष्काळात जे लहान होते त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना गावोगाव मोजत फिरतायत. मी म्हटलं, "पोरींनो, तेव्हा मोजलं असतंत तर उपयोग झाला असता. आता काय वाढणार आहे?"

बिबिनुर म्हणाली, "आजी, वाढवायला नाही आलो, बघायला आलो. भुकेनं काय काय नेलं ते."

"नेलं ते नेलं, ठेवलंय किती ते बघा," मी म्हटलं. आणि त्यांना ती गोष्ट आवडली, वहीत लिहून घेतली.

भिंतीशी उभं करून मोजलं, एकशे पंचेचाळीस सेंटिमीटर. मग बाकावर बसवून मोजलं, त्र्याऐंशी. बिबिनुर तो आकडा बघून थांबली आणि माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. "सौलेताई, आरसा आणा." सौलेनं आरसा धरला. दादा, आरशात आम्ही दोघी अगदी सारख्या! खांद्याला खांदा, कानाला कान. मग दोघी उभ्या राहिलो, तर मी तिच्या बगलेत.

"बघितलंत?" ती म्हणाली. "बसल्यावर तुम्ही माझ्याएवढ्या आहात. धड वाढायचं तेवढं वाढलं. लहानपणी उपासमार झाली की शरीर आधी काळीज, पोट, फुफ्फुसं सांभाळतं, पायांना काही पोचत नाही. तुमच्या पायांचा वाटा तुमच्या पोटानं खाल्ला, आजी. तुम्ही उंच घराण्यातल्या असणार."

दादा, तुम्ही मला बसलेली ओळखलीत आणि उभी राहिल्यावर हरवलीत! बसलेली मी आपल्या आईची आहे. पायांपुरती मी त्या दुष्काळाची.

अजून दात राहिले. माझे स्वतःचे अकरा आहेत. ल्युदानं छोटा आरसा तोंडात घालून सुळ्यावरची एक आडवी चीर दाखवली. मला वाटायचं ती चहामुळे असेल. ती म्हणाली, "आजी, तुम्ही मोजे विणता ना? कुठून सुरू करता?"

"बोटांकडून."

"दात पण तसाच. आधी टोक तयार होतं, शेवटी हिरडीजवळचा भाग. मधे उपासमार झाली की विणीत एक ओळ चुकते आणि ती जन्मभर दिसते. कागदपत्रांत तुमचं जन्मसाल एकोणीसशे तीस आहे. तसं असतं तर माकडाच्या वर्षातल्या त्या हिवाळ्यात तुम्ही दोन वर्षांच्या, आणि चीर टोकाकडे असती. ही हिरडीजवळ आहे. त्या हिवाळ्यात तुम्ही पाचाच्या आसपास होतात."

मी बोटांवर मोजलं. सौलेनं मोजलं. बातिमानं मोजलं, ती अजून गेलीच नव्हती. माकडाच्या वर्षात पाच वर्षांची म्हणजे जन्म सशाचा.

मी ससा आहे, दादा! दोघींनी तसा कागद लिहून दिला, खाली सही आहे. ल्युदानं प्रामाणिकपणे सांगितलं की दातावरून वय कळतं, भाऊ कळत नाही. ते मीही लिहिते, उगाच लपवत नाही. कागदाची नक्कल पाठवतेय, मूळ कागद माझ्या उशाखाली आहे.

तुमची
केंजे


सारिबुलाक, २ नोव्हेंबर १९९३

ओराझखानदादा,

उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं. पोस्टमन म्हणतो उर्जारकडचा रस्ता बरा आहे. मी त्याला तीनदा विचारलं, चौथ्यांदा मला बघून तो सायकल घेऊन दुसऱ्या गल्लीतनं गेला.

मी विचार करत बसले की हा घोडा माझ्या मागे लागला कसा. मग आठवलं. आठवलं म्हणजे नास्त्याकाकूनं मला मोठी झाल्यावर सांगितलं होतं. नास्त्याकाकू म्हणजे अयागुझ स्टेशनाजवळच्या अनाथ मुलांच्या घरातली रशियन दाई. लठ्ठ नव्हती, पण तेव्हा जी चालू शकत होती तिला आम्ही लठ्ठ म्हणायचो. ती सांगायची, मुलांना भिंतीशी रांगेत उभं करायचे आणि लिहिणारा माणूस बघून वय लिहायचा. त्याला रांग संपवायची असायची. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "हे दोन." नास्त्याकाकू म्हणाली, "अहो, ती कोंबडीसारखी बडबडतेय, दोन वर्षांचं मूल एवढं बोलतं का?" तो म्हणाला, "मग फार हुशार आहे. दोन." आणि 'दोन' झालं.

नावाचंही तेच. "नाव काय?" मी म्हटलं, "केंजे." घरात सगळे शेंडेफळाला तेच म्हणतात, तर मला वाटलं तेच माझं नाव. त्या घरात आम्ही चार केंजे होतो. म्हणून नावावरून तुम्ही मला ओळखाल अशी आशा मी कधीच धरली नव्हती.

तर मी कागदावरचं साल धरून घोडा झाले. आणि बारा-बारा वर्षांनी आपलं वर्ष फिरून येतं ते जपायचं असतं ना, कपडे वाटायचे, जोखीम घ्यायची नाही, मी ते इमानानं पाळलं, पण सगळं चुकीच्या वर्षी! घोड्याच्या वर्षात मी गाईच्या मागेसुद्धा उभी राहायची नाही. आणि माझ्या खऱ्या वर्षात, सशाच्या, एकदा विहिरीत पडले, एकदा लग्न केलं. बातिमा म्हणते दोन्हीत फरक नाही. आमचे हे चांगले होते हो, ती उगाच बोलते. आता ते नाहीत, नाहीतर हसले असते.

सरकारी शेतावर दूध काढणाऱ्या बाईला वयाच्या पंचावन्नला कामातून सोडतात, मला खऱ्या अठ्ठावन्नला सोडलं. तीन वर्षं मी फुकट तरुण होते.

बिबिनुरनं बाकीचंही तपासलं. रक्तात साखर आहे, दाब वर आहे. मी म्हटलं, "पोरी, दुष्काळातल्या बाईच्या अंगात साखर? कुठून आली?" ती म्हणाली, भुकेल्या पोरांचं शरीर पुढे आयुष्यभर कंजूष राहतं, मिळालेलं सोडत नाही, आणि म्हातारपणी तेच अंगावर येतं. तिनं या भागात त्रेचाळीस जण मोजले, निम्म्याहून जास्त जणांना साखर. सगळे बसल्यावर उंच. मला हे ऐकून बरं वाटलं का वाईट ते कळेना. इतकी वर्षं मला वाटायचं मीच एकटी बेढब आहे, शिलाईवाली माझा झगा शिवताना नेहमी चुकायची. आता कळलं की या भागात माझ्यासारखे बेचाळीस झगे आणखी आहेत.

बाळंतपणाचं तुम्हाला लिहावं का नाही, पण भावाला नाही तर कुणाला लिहू. माझी पहिली दोन राहिली नाहीत. कमरेचं हाड अरुंद, सुईण म्हणाली लहान मुलीचं हाड आहे. तिसरा वाचला, म्हणून नाव तुर्सिन ठेवलं, 'राहू दे' म्हणून. राहिला. आता एकशे अठ्ठ्याहत्तर उंच आहे आणि दाराच्या चौकटीला रोज डोकं आपटतो. ते ऐकून मला रोज आनंद होतो, सौलेला वाटतं मी दुष्ट आहे.

आणखी सांगते, हसू नका. माझ्या प्रत्येक झग्याच्या खिशात भाकरीचा तुकडा असतो. सौले धुवायच्या आधी काढून शिवणाच्या डब्यावर ठेवते, काही बोलत नाही. अशी सून मिळाली. मी कुणाकुणाचे आभार मानू? नास्त्याकाकू, गाई, आमचे हे, सौले, आणि हो, तो 'दोन' लिहिणारासुद्धा. दोन वर्षांच्या मुलांना त्या घरात दूध मिळायचं, पाचाच्यांना नाही.

तुम्ही जेवताना म्हणालात की स्टेशनावरच्या गर्दीत तिचा हात सुटला. असेल. मला त्या दिवसाचं काही आठवत नाही.

तुमची
केंजे


सारिबुलाक, १६ जानेवारी १९९४

तुमचं पत्र पोचलं. बातिमानं पुन्हा साबण नेला.

दोन ओळी आहेत. पाठ झाल्यात. "डॉक्टरांचा कागद मिळाला. वय जुळलं म्हणून माणूस जुळत नाही. माझी बहीण त्या हिवाळ्यात गेली. कृपया लिहू नये."

तुर्सिन म्हणाला, "आई, पुरे झालं. एखाद्याच्या दारात किती उभं राहायचं?" तो बरोबरच बोलला. मी आठ दिवस लिहिलं नाही. लोकर कातली. मग मला वाटलं, मी दादांना लिहिते, "काही लपवत नाही", आणि सगळ्यात मोठी गोष्ट तर लपवून बसलेय. मग त्यांनी का विश्वास ठेवावा?

तेव्हा हे शेवटचं पत्र, आणि यात मी तुला 'तू' म्हणणार आहे. पाच वर्षांची मी तुला 'तू'च म्हणायची.

मला आठवतं, दादा. सगळं नाही, पण तो दिवस आठवतो.

हात सुटला नव्हता. तू मला पाठीवरून आणलं होतंस. काका पुढे चालत होता, आणि तो आधी काहीतरी म्हणाला होता की जे स्वतःच्या पायांनी चालतील तेच डोंगर चढतील. मला माझे पाय आठवतात, सुजलेले, बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. मला ती गंमत वाटायची. स्टेशनाजवळच्या त्या मुलांच्या घराला लाकडी पायऱ्या होत्या. तू मला तिसऱ्या पायरीवर बसवलंस. मी तुझ्या मागे येईन म्हणून तू आपला पट्टा काढलास, मामानं दिलेला, ज्यावर तांब्याची मेंढ्याची शिंगं होती, आणि मला कठड्याला बांधलंस. घट्ट नाही. नीट. मधे तुझी टोपी घातलीस, मला रुतू नये म्हणून. म्हणालास, "मी परत येतो. तोपर्यंत आगगाडीचे डबे मोज." मला वीसपर्यंतच मोजता यायचं. मी वीस झाले की पुन्हा एकपासून सुरू करत होते.

पट्टा नास्त्याकाकूनं कापला, कोबीच्या सुरीनं. गाठ बर्फानं घट्ट झाली होती. ती नंतर म्हणायची की तुमच्यात मूल चालायला लागलं की पाय बांधून दोरी कापतात ना, तर तुझी मी दुसऱ्यांदा कापली. आत शेगडी होती. कोंड्याची पेज होती.

सप्टेंबरात तू गर्दीचं सांगितलंस तेव्हा शेजारी तुझा जावई बसला होता. त्याच्यासमोर तुला खाली बघायला लावायचं नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. मला वाटलं, शिंगांचा पट्टा कशाला हवा, रक्त आहे, ओळखेल. नाही ओळखलंस. मग मी घोडा निघाले. मी सांगितलं असतं तर तू त्या क्षणीच ओळखलं असतंस, आणि मी सांगितलं नाही, म्हणून यात माझीही चूक आहे.

आता तुला ज्यासाठी लिहितेय ते लिहिते, माझी बोटं दुखतायत.

तू परत येणार नव्हतास ते मला काही वर्षांनी कळलं. रागावले होते, खोटं बोलत नाही. दहा-बारा वर्षांची होईपर्यंत रागावले. मग शेतावर एक बाई होती, तिच्या आईनं तिच्या भावाला डोंगरावर पाठीवर नेलं होतं, सोडलं नाही, म्हणून दोघंही वर राहिले. ती सांगताना रडायची, आणि मी तिच्या शेजारी गाय पिळत होते, धडधाकट, गालांवर लाली. त्या दिवशी माझा राग गेला. दादा, तू नऊ वर्षांचा होतास. त्या पायऱ्यांच्या आत पेज आहे हे तुला समजलं. डोंगरावर नाही हेही समजलं. तू मला उचलून ठेवायची तिथेच ठेवलंस. माझा तुर्सिन, त्याची दोन पोरं, सौलेचं हसणं, माझे अकरा दात, हे सगळं तू तिसऱ्या पायरीवर ठेवलेलं आहे. मी तुझे आभार मानायला साठ वर्षं तुला शोधत होते. भाऊ म्हणवून घ्यायला नव्हे. ते नाही म्हणालास तरी चालेल.

आता लिहीत नाही. 'लिहू नये' म्हणालास, ऐकते.

केंजे


सारिबुलाक, १० मार्च १९९४

दादा,

नाही ऐकलं. पण या वेळी तूच आधी माणसं पाठवलीस, म्हणून हे उत्तर समज.

काल दुपारी मी वासराला दूध पाजत होते. फाटकात एक बाई आणि तिच्या मागे तो तुझा जावई, दालेल, टोपी हातात धरलेला. बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, पण ती फाटकातून वाकून आत आली, फाटक एवढं उंच असून. आपल्या घरातली. मायगुल म्हणाली, "आत्या."

तुझी लेक मला 'आत्या' म्हणाली रे! मी वासराच्या तोंडातली बाटली तशीच हातात धरून उभी. वासरू ओरडायला लागलं.

सौलेनं लगेच जेवायला दस्तरखान अंथरलं. मायगुल फार खात नव्हती, तिच्या पोटात गोष्ट होती. दालेल म्हणाला, "खा, मग सांग." ती म्हणाली, "तुम्ही खा, मला सांगू द्या." नवरा-बायकोचं तुझ्याकडे असंच चालतं का? मला आवडलं.

ती म्हणाली, "बाबांनी तुमचं जानेवारीतलं पत्र वाचलं आणि पाच दिवस आमच्याशी बोलले नाहीत. मेंढ्यांशी बोलायचे. आईला वाटलं डोक्यात काही झालं. सहाव्या दिवशी सकाळी मला म्हणाले, बस, एक गोष्ट आहे, तुझ्या आईलाही सांगितलेली नाही."

मग तिनं सांगितलं, आणि मी तेव्हापासून तीच गोष्ट चघळतेय, म्हणून तुला परत लिहून दाखवते, नीट ऐकली का ते बघ.

की तू परत आला होतास. काकापासून पळून, दोन दिवस चालून, तू परत आला होतास. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. कठड्याला तुझ्या पट्ट्याचा तुकडा लोंबत होता, शिंगांचा भाग. तू तिथल्या पहारेकऱ्याला विचारलंस, आणि तो म्हणाला, पायऱ्यांवरची पोरं सकाळी गाडीत भरून नेतात. कुठली गाडी ते तुला कळलं. तुला वाटलं, मी बांधलं नसतं तर ती रांगत आत गेली असती. मी बांधलं म्हणून गोठली.

तू आत विचारलं नाहीस. नऊ वर्षांच्या पोरानं आत कसं विचारावं? मी त्या दाराच्या आत होते, दादा, कोंड्याची पेज पीत. एका भिंतीचं अंतर. आणि तू वळून डोंगराकडे गेलास, आणि साठ वर्षं तू स्वतःला एका मेलेल्या पोरीचा मारेकरी समजलास. मग मी समोर बसले, जिवंत, आणि तुला विश्वास ठेवता येईना. आता मला कळतं. माणूस एवढं ओझं एकदम खाली ठेवू शकत नाही, त्याचा तोल जातो. 'घोडा' ऐकून तुला सुटल्यासारखं वाटलं असेल.

तो पहारेकरी खोटं बोलला असं मला वाटत नाही. गाडी जायचीच. फक्त मी त्या गाडीत नव्हते. कापलेला पट्टा बघून तुला कसं सुचणार, की सुरी कुणीतरी चालवली, आणि सुरी चालवणारं माणूस उबदार होतं. मला पण हे काल सुचलं, मायगुल सांगताना.

मी तिला म्हटलं, "तुझ्या बापाला सांग, मी त्याला परत न आल्याबद्दल माफ केलं होतं. ती माफी मला परत हवी. वाया गेली. त्यानं तर शब्द पाळला होता." मायगुल हसली आणि हसता हसता माझ्या मांडीत डोकं घालून रडली, एवढी उंच बाई, माझ्या मांडीत कशीबशी मावली. दालेल बाहेर गेला. म्हणाला, गाडीचं पाणी बघतो. गाडीचं पाणी काय एक तास बघतात?

मग तो आत येऊन म्हणाला, "आत्या, बाबा येणार होते. गाडीत बसलेही. मग उतरले. म्हणाले, तिनं आभार मानलेत, मी तोंड कसं दाखवू, आधी तुम्ही जाऊन बघून या ती खरंच एवढी बोलते का."

सौले म्हणाली, "बघितलंत ना? न्या ही खात्री."

तर दादा, तोंड जसं आहे तसं आण. माझंही काही फार नीट नाही. बिबिनुरनं सांगितलेलं औषध मी घेते, साखर थोडी उतरलीय, गुडघा हिवाळ्यापेक्षा बरा. बातिमाला मी आधीच सांगून ठेवलंय की तू आलास तर सुयिन्शी मागायला तिनं येऊ नये, कारण ती बातमी मला स्वतःला ठाऊक आहे आणि साबणही संपलाय. ती म्हणाली, "मग मी लोणी घेईन."

मायगुलनं आज सकाळी निघताना सौलेच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हातानं गोल काढला आणि तीनदा म्हणून दाखवलं. येत्या २२ मार्चला, नौरोजच्या दिवशी, मंगळवारी, दुपारच्या आत, तुला बरोबर घेऊन येणार.